बीट सातचा बदली

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं नाव आहे, पण ते लग्नात एकदा वाचून दाखवलं तेवढंच. पोस्टात त्याला सगळे ‘बदली’ म्हणतात. साहेब म्हणतात, हमाल म्हणतात, चहावाला म्हणतो. त्याच्या मुलीला लहानपणी शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात? पोरीने सांगितलं, बदली. बाईंना वाटलं, मोठे अधिकारी असणार, लोकांच्या बदल्या करतात. आठवडाभर पोरीला पहिल्या बाकावर बसवलं होतं.

मी त्याच पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसते. मी कायम आहे. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या ऑफिसात माणसाच्या दोनच तऱ्हा, कायम आणि बदली. कायम माणूस आजारी पडला किंवा रजेवर गेला की त्याच्या जागी पिशवी उचलतो तो बदली. रस्ते तेच, जिने तेच, कुत्रीही तीच. फक्त बदलीला रोजंदारी, आणि मूळ माणूस परत आला की त्याने निमूट घरी जायचं.

आता बीट सातचा, म्हणजे सात नंबरच्या टपालफेरीचा, मूळ माणूस परत आलाच नाही, त्याला कोण काय करणार?

वीसएक वर्षांपूर्वी तो दाढ काढायला म्हणून रजेवर गेला. दाढ निघाली की नाही देव जाणे, माणूस मात्र निघून गेला. आम्ही त्याला ‘मूळ पुरुष’ म्हणतो, घराण्याचा असतो तसा. आज ऑफिसात त्याला पाहिलेलं कुणी उरलेलं नाही, पण बीट सातचं सगळं त्याच्यापासून सुरू होतं. मीसुद्धा त्याच्यानंतरच नोकरीला लागले.

तुम्ही म्हणाल, मग त्याला काढून का टाकलं नाही. अहो, काढायचं तर नोटीस प्रत्यक्ष हातात बजवायला हवी, आणि ती त्या बीटच्या पोस्टमननेच. मूळ पुरुषाची खोली होती बीट सातवर. म्हणजे मूळ पुरुषाने जाऊन मूळ पुरुषाला नोटीस द्यायची. बदलीने दिली तर चालत नाही, त्याला तो अधिकार नाही. एकामागून एक साहेब आले, प्रत्येकाने थोडं डोकं आपटलं आणि ते घोंगडं भिजत ठेवून पुढच्या गावी गेला. हजेरीत बीट सातच्या रकान्यात रोज खूण पडत राहिली. खूण बीटची असते, माणसाची नव्हे. म्हणजे चालायचं याने आणि नोकरी भरायची त्याची.

बदलीला मी धाकटीच्या लग्नाआधीपासून ओळखते, म्हणून अरे-तुरेच करते. धाकटीला ते खपत नाही. ती मला डबा द्यायला ऑफिसात यायची आणि हा कोपऱ्यात उभा राहून पत्रं लावायचा. टपाल लावायची त्याची पद्धत अशी की पाय ज्या क्रमाने चालणार त्या क्रमाने पत्रं, आधी गिरणी, मग शिंपी, मग तीन मजली इमारत वरून खाली. बोलत काही नाही. धाकटीला तेच आवडलं. मी म्हटलं, अगं, रोजंदारीवर आहे तो. ती म्हणाली, आज ना उद्या कायम होतीलच की. तो ‘उद्या’ आम्ही अजून बघतोय.

कारण बदलीच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नाही. त्याला रजा नाही, रजा कायम माणसाला. बदलीला ताप आला तर त्याने आपल्या जागी माणूस स्वतः शोधून द्यायचा, असा नियम आहे. एकदा असा सणसणून ताप चढला की उठवेना. धाकटीने पिशवी खांद्याला लावली आणि गेली. लोक तिला बदलीचा बदली म्हणाले. शिंप्याने तर सरळ बदलीणबाई अशी हाक मारली. संध्याकाळी पाय सुजवून आली आणि पहिल्यांदा म्हणाली, “ताई, हे माणसाचं काम आहे गं, पण याच्यात माणसाला जागा नाही.” मी तिच्या पायावर गरम पाणी ओतत राहिले.

कायम करा म्हणून अर्ज त्याने किती केले त्याला गणती नाही. उत्तर ठरलेलं. बीट सातची जागा रिकामी नाही, तिथे कर्मचारी आहे. आणि या वर्षी कळलं की मूळ पुरुष महिनाअखेर वयाने निवृत्त होतोय. आम्हाला वाटलं, सुटलो, जागा रिकामी झाली. तर हेड ऑफिसचं म्हणणं, जागा रिकामी झाली की ती रद्द. बीट सात कंत्राटी कंपनीकडे जाणार. मग बदलीचं काय, असं मी हेडक्लार्कला विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मूळच नाही तर बदली कुणाचा?”

म्हणजे तो माणूस असेपर्यंत जागा भरलेली आणि तो गेल्यावर जागाच नाही. हसावं की रडावं? आमच्या बदलीची पन्नाशी आलेली, पोरगी कॉलेजात जायची, खोली भाड्याची. महिनाअखेरीला नुसता नारळ मिळणार होता. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि पत्रं लावायला गेला. मला इतका राग आला की मी खिडकीवरच्या एका गरीब माणसाला उगाच सुट्ट्या पैशांवरून झापलं.

आणि त्याच महिन्यात नवे साहेब आले.

नवे साहेब म्हणजे कामाचा भारी सोस. खुर्चीत बसायच्या आधी टेबल पुसलं, मग खुर्ची पुसली, मग भिंतीवरच्या फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. फळ्यावर खडूने बीट आणि पुढे माणूस असं लिहिलेलं असतं. सात नंबरपुढे वर्षानुवर्षं एकच शब्द होता, ‘बदली’. आता साहेबांची स्वतःची आजवर इतक्या ठिकाणी बदली झालेली की त्यांचे डबे, गाद्या अजून बांधलेल्याच होत्या. त्या माणसाला बदली म्हटलं की दुसरं काय सुचणार?

“बीट सातचा माणूस कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“हा काय, साहेब,” हेडक्लार्क म्हणाले. बदली पिशवी घेऊन दारातच उभा होता.

“पण इथे तर बदली लिहिलंय.”

“हो, साहेब. बदलीच आहे.”

“कधीपासून?”

“वीसएक वर्षं झाली असतील.”

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, बदलीकडे पाहिलं. “वीस वर्षांपूर्वी बदली झाली आणि तुम्ही अजून इथेच? जात का नाही?”

“कुठे जाऊ, साहेब?” बदली म्हणाला.

“ते मला विचारता? बदली म्हणजे बदली. मी कधी असं विचारलं नाही कुणाला.”

हेडक्लार्क तोंड उघडणार होते. मी माझ्या जागेवरून पाहत होते. त्यांनी उघडलं आणि परत मिटलं. नव्या साहेबाला पहिल्याच दिवशी मराठी शिकवायला कोण जाणार? संध्याकाळपर्यंत आदेश टाइप होऊन आला. बीट क्रमांक सात येथील पोस्टमन यांची बदली दीर्घकाळ प्रलंबित असल्याने त्यांना आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे, त्यांनी संबंधित ठिकाणी रुजू व्हावे. खाली सही, शिक्का, सगळं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. महिनाअखेर जाणारी नोकरी आजच गेली, असंच वाटलं. पण आमच्या युनियनचा माणूस, ज्याला आम्ही पुढारी म्हणतो, त्याने तो कागद दोनदा वाचला, दार लावून घेतलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला लागला. मी पाणी दिलं.

“अहो बाई, बदली कुणाची होते?” तो म्हणाला. “कायम माणसाची. रोजंदारीवाल्याची कधी कुणी बदली करतं का? त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात, विषय संपला. या साहेबाने लिहून दिलंय की बीट सातचा पोस्टमन कायम आहे. सोनं आहे हे.” मग बदलीच्या दोन्ही खांद्यांना धरून म्हणाला, “तोंडाला कुलूप. पिशवीला हात लावायचा नाही. तुझी बदली झालीय, तू बदली नाहीस. कळलं?”

बदली म्हणाला, “पण मग उद्या टपाल कोण वाटणार?”

पुढाऱ्याने कपाळाला हात लावला.

झालं, माणूस घरी बसला. रुजू व्हायला कायम माणसाला काही दिवस मिळतात, सामान बांधायला वगैरे. ते दिवस त्याला मिळाले. त्याला सुट्टी ही गोष्टच ठाऊक नव्हती. पहिल्या दिवशी त्याने धाकटीचे सगळे डबे काढले आणि हात ज्या क्रमाने जातो त्या क्रमाने लावले. तिला दोन दिवस मीठ सापडेना. दुसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्यांच्या चपला जोड्याजोड्याने लावल्या. तिसऱ्या दिवशी धाकटीनेच त्याला घराबाहेर काढलं, तर पाय गेले बीटवर. नुसताच जिने चढायचा, दार वाजवायचा आणि लोकांनी पत्र मागितलं की सांगायचा, माझी बदली झाली. कुठे, असं लोक विचारायचे. संबंधित ठिकाणी, असं हा सांगायचा. गिरणीवाला म्हणाला, लांब आहे का हो ते?

इकडे ऑफिसात बीट सातचं टपाल वाढत चाललं. आधी खोक्यात होतं, मग खोक्याभोवती, मग साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत आलं. साहेबांना आत जाताना पाय उचलून टाकावे लागत. ते कायम पोस्टमनना म्हणाले, थोडं थोडं वाटून घ्या. सगळे म्हणाले, साहेब, ज्याची बदली झालीय त्याच्या बीटला हात लावायचा तर लेखी द्या, तो रुजू कुठे झालाय ते. एरवी हे लोक चहाच्या पैशावरून भांडतात, पण त्या दिवशी सगळे एका सुरात बोलले. मला बरं वाटलं, खोटं का बोलू?

शेवटी साहेब हेडक्लार्कला म्हणाले, “मग रोजंदारीवर एखादा बदली आणा ना.”

“बदलीची बदली झालीय, साहेब.”

“त्या बदलीचं नाही म्हणत मी. तो दुसरा. कामापुरता.”

तेव्हा हेडक्लार्कला गप्प राहवेना. त्यांनी दार लोटून घेतलं आणि साहेबांना बदली आणि बदली यांतला फरक समजावला. मग साहेब बाहेर आले. चेहरा धुतल्यासारखा पांढरा. त्यांनी शिपायाला बदलीच्या घरी पाठवलं. निरोप असा, की उद्या सकाळी या, रोजंदारीवर बदली म्हणून सही करा आणि पिशवी घ्या, नाहीतर कंत्राटवाल्यांना उद्यापासूनच बोलावतो. तो ‘उद्या’ म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस.

त्या संध्याकाळी मी धाकटीकडे गेले. पुढारी आधीच येऊन बसला होता. तो म्हणत होता, “सही केलीस तर आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेशील. तू बदली आहेस असं लिहून दिलंस की त्या आदेशाला पाणी सोडायचं. आणि उद्या मूळ पुरुष संपला की तूही संपलास.”

“आणि नाही केली तर?” धाकटी म्हणाली.

“नाही केली तर...” पुढाऱ्याने हनुवटी खाजवली. “साहेब घाबरलाय. पण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही.”

धाकटी नवऱ्याकडे वळली. ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “अहो, तुम्हाला काय वाटतं? मला आजवर कुणी सांगितलं नाही तुम्हाला काय वाटतं ते. तुम्हीही नाही.”

त्याने चटईची कड सरळ केली. मग म्हणाला, “टपाल भिजेल गं तिथे. दारात ठेवलंय म्हणतात.” आणि उठून झोपायला गेला. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

सकाळी तो आला, धुतलेला शर्ट घालून. सगळं ऑफिस कामात असल्याचं सोंग करत होतं. मी एका बाईला तिकिटं देता देता दोनदा मोजली आणि दोनदा चुकले. टपालाच्या ढिगाशी तो थांबला. वरचं एक पाकीट उचललं, पत्ता पाहिला, आणि दुसऱ्या पाकिटाच्या मागे लावलं. मग तिसरं. हात आपले आपणच चालले होते. पुढाऱ्याने डोळे मिटून घेतले. साहेब पेन घेऊन आले, अगदी टोपण काढून.

“चला, इथे सही करा. बदली म्हणून.”

त्याने हातातली पाकिटं खाली ठेवली. एक घसरलं ते पुन्हा सरळ केलं. मग हळूच म्हणाला, “नाही, साहेब.”

इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

“नाही म्हणजे?”

“बदली म्हणून नाही येणार. बदली होऊन येईन.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. शिपाई दारात थबकला. त्या दोन शब्दांतला फरक आता त्या खोलीत सगळ्यांना कळत होता, साहेबांना सगळ्यांत जास्त. आदेश चुकला असं वर कळवायचं तर लिहावं लागलं असतं, की जो माणूस नोकरीतच नव्हता त्याची मी बदली केली. मग वरचे विचारणार, जो नोकरीत होता तो कुठे आहे? आणि मग त्यांचे डबे, गाद्या पुन्हा ट्रकवर चढले असते. साहेब आत गेले. टाइप करणाऱ्या बाईला बोलावलं. दुपारपर्यंत आदेश निघाला. बीट क्रमांक सात येथून कार्यमुक्त पोस्टमन यांची बदली बीट क्रमांक सात येथे करण्यात येत आहे. बीट पुढील आदेशापर्यंत चालू राहील. त्यांची सेवा कायम समजण्यात यावी, व ती आजच्या तारखेपासून धरण्यात यावी.

पुढाऱ्याने ते मोठ्याने वाचलं. ‘कायम’ला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘आजच्या तारखेपासून’ला तो स्वतःच अडखळला. “मागची वर्षं धरली नाहीत, साहेब,” तो म्हणाला.

“मागच्या वर्षांत त्या जागेवर माणूस होता,” साहेब म्हणाले. “एका जागेवर दोघांची सेवा कशी धरणार?”

पुढारी भांडायला लागला होता, पण बदलीने त्याचा हात धरला. त्याने आदेश घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवून तसाच उभा राहिला. मी खिडकी बंद केली, पाटी लावली आणि तिथेच बसून रडले. लोक बाहेरून काच वाजवत होते. वाजवू देत.

आणि ऐका पुढचं. चारच्या सुमाराला एक गृहस्थ आले. गुटगुटीत, केस काळे केलेले, हातात छत्री. मी पाटीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, “तिकिटं नकोत, बाई. मी बीट सातचा. आज निवृत्त होतोय.”

तुम्हाला सांगते, वीस वर्षांत हा माणूस खात्याच्या एकाही नोटिशीला सापडला नाही. पेन्शनचा कागद मात्र पहिल्या फटक्यात पोचला. दुसऱ्या गावी चष्म्यांचं दुकान होतं म्हणे त्यांचं, चांगलं चालत होतं. दाढेचं विचारलं तर म्हणाले, निघाली, पण फार त्रास झाला.

साहेबांना काय, निवृत्तीच्या यादीवरून निरोप समारंभाचं घड्याळ आणून ठेवलेलंच होतं. खुर्च्या मांडल्या, फुलं आणली. साहेब भाषणाला उभे राहिले आणि हजेरी बघून म्हणाले, इतक्या वर्षांत यांच्या सेवेत एका दिवसाचाही खंड नाही, ऊन म्हटलं नाही, थंडी म्हटली नाही, असा कर्मचारी होणे नाही. मूळ पुरुष मान खाली घालून लाजत होते. धाकटी माझ्या शेजारी बसली होती, आनंदाची बातमी ऐकून धावत आलेली, तिने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. मी बदलीकडे बघत होते. तो टाळ्या वाजवत होता.

समारंभ संपल्यावर मूळ पुरुष काखेत घड्याळ घेऊन निघाले. जाताना ते टपालाच्या टेबलाशी थांबले. बदली साचलेलं टपाल लावत होता, आधी गिरणी, मग शिंपी, मग तीन मजली इमारत वरून खाली. ते थोडा वेळ कौतुकाने बघत राहिले. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“छान हात बसलाय हो,” ते म्हणाले. “नवीन का तुम्ही?”

धाकटी उठायला लागली. मीही उठले. माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही.

बदलीने वर पाहिलं. खिशातल्या कागदाला एकदा हात लावला.

“हो,” तो म्हणाला. “आजच लागलो.”